उघडेल तेच जपले

प्रस्तावना

जळगाव-धुळ्याकडच्या मध्यमवर्गीय घरात आज एखादा लॅपटॉप, चार-पाच मोबाइल आणि कपाटाच्या खणात ठेवलेली एक एक्स्टर्नल हार्ड डिस्क हमखास सापडते. त्यांत काय काय साठलेले असते? शेताच्या खरेदीखताचे आणि वाटणीपत्राचे स्कॅन, केळीच्या कटाईचे आणि कापसाच्या मापाचे हिशेब, ठिबकच्या अनुदानाची कागदपत्रे, घरातल्या सगळ्यांचे आधार-पॅन, मुलांच्या मार्कशीट, कुणाचा पीएच.डी.चा अर्धा लिहून झालेला प्रबंध, लग्नाचे फोटो, आणि कानबाईच्या रात्री आजीने म्हटलेल्या गाण्यांचे मोबाइलवर केलेले रेकॉर्डिंग. यातले काही पुन्हा मिळवता येते. सातबाराचा उतारा उद्याही ऑनलाइन निघेल. आजीचा आवाज मात्र पुन्हा निघणार नाही.

हे सगळे जपायचे कसे, कोणत्या सॉफ्टवेअरने दाबून लहान करायचे, कोणत्या सॉफ्टवेअरने कुलूपबंद करायचे, हा या पुस्तिकेचा विषय आहे. ‘सगळ्यांत चांगले सॉफ्टवेअर कोणते?’ या प्रश्नाचे उत्तर बहुतेक जण वेगात, आकारात किंवा किमतीत शोधतात. मला तो क्रम चुकीचा वाटतो. बॅकअप आज घेतला जातो, पण त्याची परीक्षा दहा वर्षांनी होते. तेव्हा मशीन दुसरे असते, बसणारा माणूस बहुधा दुसरा असतो, आणि ज्याने बॅकअप घेतला तो शेजारी असेलच असे नाही. त्या दिवशी तो उघडेल का, हाच निवडीचा पहिला निकष. बाकीचे सगळे निकष त्यानंतरचे. पुस्तिकेतले प्रत्येक प्रकरण याच एका निकषावर उभे आहे.

हा निकष संगणकाच्या जगातून उसना आणावा लागत नाही. आपल्याच भूमीने तो पुरेशी किंमत मोजून शिकवला आहे.

असोद्याला 1880 साली जन्मलेल्या आणि जळगावच्या चौधरी घराण्यात नांदलेल्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. गाणी शेतात, जात्यावर, चुलीपाशी सुचत आणि ओठांवर राहत. त्यांचे पुत्र सोपानदेव यांनी आणि सोपानदेवांच्या मावसभावाने ऐकता ऐकता जी टिपून घेतली, ती वहीत उतरली. 3 डिसेंबर 1951 रोजी बहिणाबाई गेल्या. नंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि 1952 मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघाले. आज उत्तर महाराष्ट्राच्या विद्यापीठाला ज्यांचे नाव आहे, त्या कवयित्रीचे सारे काव्य एकेकाळी एका वहीच्या आधाराने उभे होते. जे टिपले गेले तेवढेच आपल्याला मिळाले. जे टिपायचे राहिले, त्याचा हिशेबही आता कुणाला मांडता येणार नाही.

दुसरी गोष्ट त्याहून जुनी, आणि आपल्या विषयाच्या आणखी जवळची. म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या अखेरीस चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करून लीळाचरित्र सिद्ध केले. चौदाव्या शतकाच्या आरंभीच्या धामधुमीत त्याची मूळ पोथी नाहीशी झाली. महानुभाव पंथातल्या ज्यांना ते मुखोद्गत होते, त्यांच्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा करावा लागला, आणि म्हणूनच त्याचे एकाहून अधिक पाठ आज आपल्यापुढे आहेत. एका प्रतीवर विसंबले की काय होते आणि दुसरीकडे जपलेले कसे उपयोगी पडते, हे दोन्ही धडे या एका ग्रंथाच्या वाट्याला आले.

पुढे महानुभावांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहायला सुरुवात केली. सकळ, सुंदरी अशा त्या लिप्या. परक्यांच्या हाती पोथी पडली तरी मजकूर पडू नये, हा त्यामागचा हेतू साधारणपणे मानला जातो. एका अक्षराच्या जागी ठरवून दुसरे अक्षर किंवा चिन्ह योजायचे, ही त्यातली मुख्य युक्ती. आजच्या भाषेत हेच एन्क्रिप्शन. ते इतके यशस्वी ठरले की मराठीतले आद्य गद्य पंथाबाहेरच्या मराठी वाचकाला शतकानुशतके वाचताच आले नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे, वि. ल. भावे अशा अभ्यासकांमुळे त्या लिप्यांचा उलगडा पंथाबाहेर पोहोचला आणि मराठी वाङ्मयाचा इतिहास नव्याने लिहावा लागला.

त्याच राजवाड्यांचे 31 डिसेंबर 1926 रोजी धुळ्यात निधन झाले. गावोगाव पायपीट करून जमवलेली दप्तरे, पोथ्या आणि स्वतःची टिपणे त्यांच्यामागे उरली. अशा संग्रहांचे पुढे काय होते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. माळ्यावर वाळवी किंवा रद्दीचे दुकान. धुळेकरांनी तसे होऊ दिले नाही. 1927 मध्येच राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले आणि राजवाड्यांनी अपुरे ठेवलेले काम दुसऱ्यांनी हाती घेऊन प्रसिद्ध केले. धुळ्यातच शंकरराव देवांनी रामदासी बाडे जमवून समर्थ वाग्देवता मंदिरात त्यांची व्यवस्था लावली. जमवणारा माणूस गेल्यावर संग्रह कुणाच्या हाती जाईल आणि त्याला तो उघडता-वाचता येईल का, या प्रश्नाचे उत्तर धुळ्याने संस्था काढून दिले. घरापुरते तेच उत्तर कसे द्यायचे, ते या पुस्तिकेत आहे.

या तिन्ही कथांमधून पुस्तिकेचा पहिला नियम निघतो: जे हरवले तर नुकसान, ते उघडे ठेवा; जे फुटले तर नुकसान, ते कुलपात ठेवा. आजीची गाणी, अहिराणी म्हणी, गुलाबाईच्या गाण्यांचे व्हिडिओ, घराण्याची वंशावळ यांना पासवर्डची गरज नाही. त्यांच्या जितक्या प्रती चुलत-मावस घरी पोहोचतील तितके बरे. आधार, पॅन, बँकेची पासबुके, वैद्यकीय कागद, वाटणीचे वाद असलेले दस्त, ग्राहकांच्या याद्या मात्र एन्क्रिप्शनशिवाय घराबाहेर जाता कामा नयेत. पेन ड्राइव्ह झेरॉक्सच्या दुकानातल्या संगणकाला लावला जातो आणि लॅपटॉप दुरुस्तीला चार दिवस दुकानात राहतो. तिथे आपल्या कागदांवर कुणाची नजर पडते ते आपल्याला कळत नाही. सगळेच कुलपात घालणारे घर आणि काहीच न घालणारे घर, दोन्ही शेवटी पस्तावतात.

आता दाबून लहान करण्याविषयी, म्हणजे कॉम्प्रेशनविषयी. याचे मूळ दोन कल्पनांत आहे. जे चिन्ह वारंवार येते त्याला छोटा संकेत द्यावा, ही डेव्हिड हफमन यांची 1952 सालची कल्पना. जो तुकडा पूर्वी येऊन गेला तो पुन्हा न लिहिता ‘मागे अमुक ठिकाणी पाहा’ एवढेच लिहावे, ही लेम्पेल आणि झिव यांची 1977 सालची. या दोन्ही एकत्र करून फिल कॅट्झ यांनी झिपची जी रीत रूढ केली, तीच आज जगातल्या जवळपास प्रत्येक संगणकावर उघडते. इगोर पाव्हलोव यांनी 1999 मध्ये आणलेले सेव्हन-झिप त्याच मुळावर वाढलेले आहे. ते मोफत आहे आणि झिपपेक्षा बहुधा लहान फाइल करते.

मराठी वाचकाला यात एक खास फायदा आहे. युनिकोडमधल्या साध्या मजकुरात देवनागरीचे एकेक चिन्ह सहसा तीन बाइट घेते, रोमन अक्षर एकच. त्यामुळे साधी मराठी टेक्स्ट फाइल फुगलेली असते आणि दाबली की निम्म्याहून बरीच खाली येते. पण घरातल्या डिस्कवर जागा खातात ते फोटो आणि व्हिडिओ, आणि ते कॅमेऱ्यातून बाहेर पडतानाच दाबलेले असतात. वर्ड आणि एक्सेलच्या आजच्या फाइली तर आतून झिपच असतात. लग्नाचे दोन हजार फोटो सर्वांत कडक सेटिंगवर दाबायला संगणक तासभर तापवला, तरी वाचते ती जागा जेमतेम. म्हणून फोटोंसाठी कॉम्प्रेशन जवळजवळ शून्य ठेवा आणि वेळ वाचवा. दाबणे आणि कुलूप लावणे दोन्ही करायचे असेल तर आधी दाबा, मग कुलूप लावा. एन्क्रिप्ट झालेल्या मजकुरात पुनरावृत्ती उरत नाही आणि मग दाबायलाही काही उरत नाही.

आणखी एक गोष्ट आकारापेक्षा मोलाची. सेव्हन-झिप नेहमीच्या सेटिंगवर अनेक फाइली एकत्र गुंफून मोठा गठ्ठा करते. त्यामुळे आकार घटतो, पण डिस्कवर एक जागा खराब झाली तर त्या गठ्ठ्यातल्या पुढच्या फाइलीही हातच्या जातात. वीस वर्षांचे फोटो एका आर्काइव्हमध्ये कोंबू नका, वर्षवार वेगळे ठेवा. विनरारमध्ये ‘रिकव्हरी रेकॉर्ड’ नावाची सोय आहे. थोडी जास्त जागा घेऊन ती लहानसहान बिघाड भरून काढते, आणि हा त्या सॉफ्टवेअरचा खरा गुण आहे. त्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. रार फाइल तयार करण्याचे तंत्र एकाच मालकाच्या हातात आहे, आणि 2019 मध्ये विनरारमध्ये उघडकीस आलेला गंभीर दोष तब्बल 19 वर्षे जुना होता. हे सॉफ्टवेअर आपणहून अपडेट होत नाही. कुणीतरी पेन ड्राइव्हवर दिलेली जुनी, ‘क्रॅक’ केलेली प्रत कितीतरी संगणकांवर वर्षानुवर्षे तशीच बसलेली असते. ज्या सॉफ्टवेअरवर घरचे दस्त सोपवायचे ते अधिकृत ठिकाणाहूनच घ्या आणि ताजे ठेवा, ही अट या पुस्तिकेत कुठेही सैल केलेली नाही.

आता कुलूप. ‘झिपला पासवर्ड टाकला’ एवढ्यावर समाधान मानणाऱ्यांसाठी हे प्रकरण मुद्दाम सविस्तर लिहिले आहे. झिपचे जुने एन्क्रिप्शन किती कच्चे आहे, हे बिहॅम आणि कोचर यांनी 1994 मध्येच दाखवले. आतल्या एका फाइलचा थोडासा मजकूर आधीच ठाऊक असेल, तर त्यावरून बाकीचे उलगडता येते. सेव्हन-झिपची खिडकी उघडून पाहा. वर फॉरमॅटमध्ये ‘झिप’ निवडले की खाली एन्क्रिप्शनच्या रकान्यात तेच जुने ‘झिपक्रिप्टो’ आधीपासून निवडलेले असते. तिथे हाताने ‘एईएस-256’ करावे लागते. फॉरमॅट ‘सेव्हन-झेड’ निवडला तर एईएसशिवाय पर्याय नसतो, आणि खाली फाइलींची नावे झाकण्यासाठी एक चौकोन दिसतो. त्यावर खूण करा. ती नसेल तर पासवर्ड न टाकताही ‘वाटणीचा दावा’, ‘कर्जाची थकबाकी’ ही फाइलींची नावे कुणालाही वाचता येतात, आणि कित्येकदा नावातच सगळे आलेले असते.

एईएसवर विश्वास का ठेवायचा? दोन बेल्जियन अभ्यासकांनी मांडलेली ही पद्धत 2001 मध्ये अमेरिकेचे मानक झाली. ती पहिल्या दिवसापासून जगजाहीर आहे. जगभरचे जाणकार इतकी वर्षे तिच्यावर हल्ले करून पाहत आहेत आणि व्यवहारात ती टिकून आहे. पद्धत सर्वांना माहीत असावी, गुपित फक्त किल्लीत असावे, हे तत्त्व केर्कहॉफ्स यांनी 1883 मध्ये मांडले. सांकेतिक लिपीत पद्धत हेच गुपित होते. ती एकदा कळली की त्या लिपीतली प्रत्येक पोथी उघडी झाली. ‘आमची स्वतःची गुप्त पद्धत आहे’ अशी जाहिरात करणाऱ्या सॉफ्टवेअरपासून म्हणूनच दूर राहावे.

सबंध डिस्क किंवा मोठा कप्पा कुलूपबंद करायचा तर व्हेराक्रिप्ट आहे. त्याचे पूर्वज ट्रूक्रिप्ट 2014 च्या मे महिन्यात त्याच्या कर्त्यांनी अचानक बंद केले. वापरणारे उघड्यावर पडले नाहीत, कारण त्याचा सोर्स कोड उपलब्ध होता आणि व्हेराक्रिप्टच्या रूपाने काम पुढे चालू झाले होते. सॉफ्टवेअर निवडताना त्याच्या कर्त्यानंतरही ते चालेल का हे पाहावे, याचे याहून चांगले उदाहरण नाही. व्हेराक्रिप्टच्या कप्प्याचा आरंभीचा भाग बिघडला तर पासवर्ड बरोबर असूनही कप्पा उघडत नाही, म्हणून त्या भागाची वेगळी प्रत काढण्याची सोय त्यातच आहे. ती वापरायची कशी, हे पायरीपायरीने दिले आहे. गूगल ड्राइव्हसारख्या ठिकाणी ठेवायचे असेल तर फाइलवार कुलूप लावणारे क्रिप्टोमेटर बरे पडते, कारण एक फाइल बदलली तर तेवढीच पुन्हा चढते. कमांड लिहिण्याची सवय असलेल्यांसाठी रेस्टिक आणि बोर्ग यांवर एक प्रकरण आहे. बाकीच्यांनी ते खुशाल सोडून द्यावे.

काही कुलपे आपण न लावताही लागलेली असतात. विंडोजचे नवे लॅपटॉप अनेकदा डिस्क आपोआप एन्क्रिप्ट करतात. मदरबोर्ड बदलला की संगणक 48 आकड्यांची रिकव्हरी की मागतो, आणि ती ज्या मायक्रोसॉफ्ट खात्यात ठेवलेली असते ते खाते दुकानदाराने कुठल्या ईमेलवर उघडून दिले हे घरात कुणालाच सांगता येत नाही. ज्यांच्याकडे असा लॅपटॉप आहे त्यांनी ही की आजच कागदावर उतरवावी.

पासवर्डविषयी मराठी माणसाला एक विशेष सूचना. पासवर्ड देवनागरीत ठेवण्याचा मोह होतो, तो टाळा. ‘दऱ्या’ हा शब्दच घ्या. त्यातला अर्धा र दोन-तीन वेगवेगळ्या रीतींनी टाइप होतो. डोळ्याला सगळे सारखे दिसतात, संगणकाला ते निरनिराळे असतात. आज इनस्क्रिप्टवर टाकलेला पासवर्ड उद्या मोबाइलच्या कीबोर्डवरून नाकारला जाऊ शकतो. रोमन लिपीत पाच-सहा असंबद्ध शब्द लिहा. अहिराणी किंवा लेवा गणबोलीतले असले तरी चालतील, पण चिठ्ठ्या टाकून निवडलेले असावेत. प्रसिद्ध कवितेची ओळ, देवाचे नाव, गाडीचा नंबर किंवा मुलीची जन्मतारीख नको, कारण चोरांच्या याद्यांत हेच सर्वांत आधी येते. सहा लहान रोमन अक्षरांचे सुमारे 31 कोटी मेळ होतात. ऐकायला हा आकडा मोठा वाटतो, संगणकाला तो किरकोळ आहे.

आणि मग हा पासवर्ड कुणाला सांगायचा? बहुतेक मार्गदर्शक पुस्तके इथे ‘कुणालाही नाही’ म्हणून थांबतात. मी ते मानत नाही. घरातला एकमेव जाणता माणूस अपघातात गेला आणि विम्याचे, जमिनीचे, कर्जाचे कागद एईएस-256 च्या आड राहिले, तर त्या पासवर्डपुढे त्याची बायको आणि पोरे तितकीच हतबल होतात जितका एखादा चोर झाला असता. पासवर्ड कागदावर लिहा, पाकीट बंद करा, बँकेच्या लॉकरमध्ये किंवा विश्वासाच्या नातेवाइकाकडे ठेवा, आणि पाकीट कुठे आहे हे दोघांना तरी सांगा. सोबत अर्ध्या पानावर, साध्या मराठीत, कोणते सॉफ्टवेअर वापरले आणि फाइल कशी उघडायची ते लिहा. त्या अर्ध्या पानाचा नमुना पुस्तिकेच्या शेवटी जोडला आहे.

एक कुलूप असे आहे की ज्याला पासवर्डच नसतो. जळगाव-धुळ्याच्या छापखान्यांत दोन-तीन दशके मराठी मजकूर युनिकोडपूर्व फॉन्टांत, पेजमेकरमध्ये बसवला गेला. अहिराणी कथासंग्रह, समाजाच्या वंशावळी, महाविद्यालयांच्या स्मरणिका असे कितीतरी. पेजमेकरची शेवटची आवृत्ती 2001 ची. त्या फाइली जपून ठेवल्या असल्या तरी फॉन्ट आणि सॉफ्टवेअर हाताशी नसेल तर पडद्यावर नुसती रोमन अक्षरांची खिचडी दिसते. म्हणून मूळ फाइलीबरोबर तिची पीडीएफ आणि युनिकोड मजकूर हे दोन्ही ठेवावेत. जुन्या साधनांनी बनवलेल्या झिपमध्ये फाइलींची देवनागरी नावेही अशीच विस्कटतात. बॅकअपमधल्या फोल्डरांना साधी रोमन नावे आणि साल द्यावे, हे उत्तम.

शेवटचे प्रकरण जागेविषयी आहे. बाजारातल्या अनेक एक्स्टर्नल डिस्कच्या माहितीपत्रकात, डिस्क चालू असताना भोवतालचे तापमान 35 अंशांपर्यंत असावे असे लिहिलेले असते. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा 44-45 वर जातो आणि पत्र्याच्या खोलीत त्याहून वर. मोठा बॅकअप उन्हाळ्यात पहाटे घ्यावा आणि डिस्क गाडीच्या डिकीत कधीच ठेवू नये. धुळ्यात पांझरेकाठच्या घरांना पुराचा अनुभव आहे, तिथे तळमजल्याच्या कपाटात एकुलती प्रत नको. पीटर क्रोग या छायाचित्रकाराने रूढ केलेला नियम सोपा आहे: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक घराबाहेर. जळगाव आणि धुळे यांच्यात नव्वदेक किलोमीटरचे अंतर आहे. एका गावचा पूर, आग किंवा चोरी दुसऱ्या गावच्या प्रतीला लागत नाही. जळगावच्या भावाची कुलूपबंद डिस्क धुळ्याच्या बहिणीकडे आणि तिची त्याच्याकडे, याहून स्वस्त व्यवस्था मला माहीत नाही. एन्क्रिप्शन आहे म्हणूनच ती निर्धास्तपणे करता येते.

ही पुस्तिका पहिल्या पानापासून वाचण्याची सक्ती नाही. ज्याला घाई आहे त्याने नियमाचे प्रकरण, सेव्हन-झिपचे प्रकरण आणि अर्ध्या पानाचा नमुना एवढेच वाचून काम सुरू करावे. पण एक गोष्ट कुणीच सोडू नये. श्रावणात कानबाईला घर भरते, पुण्या-मुंबईची, सुरतेची माणसे गावी येतात. दरवर्षी त्याच दिवसांत, ज्याने बॅकअप घेतला नाही अशा कुणाच्या तरी हाती डिस्क, पाकीट आणि ते अर्धे पान द्या, आणि त्याच्या स्वतःच्या संगणकावर तीन फाइली उघडायला सांगा: एक दस्त, एक फोटो, एक आवाज. तुम्ही काही सांगू नका. त्याला उघडता आल्या तर तुमची निवड बरोबर आहे, सॉफ्टवेअरचे नाव काहीही असो. नाही आल्या तर काय चुकले ते तुम्ही हयात असताना, सुधारायला वेळ असताना कळले. तो वेळ वाचकाच्या हाती राहावा, एवढ्यासाठी हे लेखन केले आहे.